बडा कब्रस्तानाचा नकार : निर्णय योग्य, कारण अपुरे

१/
२९ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी ताजमहाल हॉटेलातील अखेरची चकमक संपली. समुद्रमार्गे आलेल्या १० हल्लेखोरांपैकी ९ ठार झाले होते, एक जिवंत हाती लागला होता आणि १६६ निरपराध माणसे, पोलीस आणि जवान प्राणास मुकले होते. पुढचे काही दिवस मुंबई आपल्या मृतांना निरोप देत राहिली. त्याच वेळी जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात नऊ मृतदेह असे होते की ज्यांना निरोप द्यायला कोणीच पुढे येत नव्हते. पाकिस्तान त्यांना आपले नागरिक मानायला तयार नव्हता. बेवारस मुस्लिम मृतदेहाचे मुंबईत जे होते तेच करावे, म्हणजे कबरस्तानात दफन करावे, एवढाच मार्ग उरला होता. तोही बंद झाला.

२/
मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाचा कारभार क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीच्या विश्वस्त संस्थेकडे आहे. हल्ल्यानंतर काही दिवसांतच या संस्थेने जाहीर केले, की या नऊ जणांना आपल्या भूमीत जागा मिळणार नाही. इब्राहिम ताई यांच्यासारख्या मुस्लिम पुढाऱ्यांनी या भूमिकेचा जाहीर पुरस्कार केला आणि शहरातील इतर कबरस्तानांनीही हीच भूमिका घ्यावी असा सूर उमटला. असे निर्घृण कृत्य करणारे मुसलमान असूच शकत नाहीत, असे कारण संस्थेचे प्रवक्ते हनीफ नालखंडे यांनी दिले. या निर्णयाची दखल जगभर घेतली गेली. अमेरिकी स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला.

३/
या नकाराचे आजवर बहुधा कौतुकच झाले आहे, अधूनमधून त्याकडे दुर्लक्षही झाले आहे. त्याची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. दहशतवादी हल्ल्यानंतर मुस्लिम समाजाच्या धुरीणांनी काय करावे, त्यांनी काय केले आणि त्यातले काय टिकण्याजोगे आहे, हे समजून घ्यायला मुंबईतल्या या एका निर्णयाइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. या धाग्याचे प्रतिपादन असे : विश्वस्तांचा निर्णय योग्य होता; त्यासाठी दिलेले कारण मात्र अपुरे, किंबहुना धोक्याचे होते. हा भेद किती महत्त्वाचा आहे हे कळण्यासाठी थेट सातव्या शतकापर्यंत मागे जावे लागते.

४/
प्रथम नकाराची किंमत समजून घेतली पाहिजे. इस्लामी धर्मशास्त्रात मृताला स्नान घालणे, कफन देणे, जनाज्याची नमाज अदा करणे आणि माती देणे हे ‘फर्ज-ए-किफाया’ मानले जाते. फर्ज म्हणजे अनिवार्य कर्तव्य. किफाया म्हणजे समाजातील काही जणांनी ते पार पाडले तर इतर त्यातून मोकळे होतात; कोणीच पार पाडले नाही तर सारा समाज दोषी ठरतो. मृत मनुष्य पापी होता, गुन्हेगार होता, एवढ्याने हे कर्तव्य संपत नाही. त्यामुळे कबरस्तानाच्या विश्वस्तांनी दफनाला नकार देणे ही वृत्तपत्रात निषेधाचे पत्रक छापून आणण्यासारखी सोपी गोष्ट नव्हती. स्वतःच्या धर्मकर्तव्याच्या कक्षेत उभे राहून घेतलेला तो निर्णय होता.

५/
म्हणूनच त्याचे वजन वेगळे. कोणत्याही धुरीणाच्या प्रतिक्रियेचे मोल ठरवताना एक साधी कसोटी लावता येते : त्याने आपल्या हाती असलेला कोणता अधिकार वापरला? निषेध कोणीही करू शकतो. मुंबईतल्या त्या नऊ मृतदेहांना कबर नाकारणे मात्र कबरस्तानाच्या विश्वस्तांनाच शक्य होते. मंत्री, संपादक, नट, विचारवंत यांपैकी कोणाच्याही हाती ती गोष्ट नव्हती. या विश्वस्त संस्थेचे मुंबईच्या कोकणी मुसलमान समाजाशी जुने नाते आहे. ज्या समाजाच्या घरात मराठीचीच एक बोली बोलली जाते, त्याच्या या शहराविषयीच्या आपलेपणाला जाहीरनाम्याची गरज नव्हती. तरीही प्रसंग आला तेव्हा त्याने आपल्या अधिकाराचा उच्चार केला.

६/
त्या वर्षीची बकरी ईद ९ डिसेंबरला होती, म्हणजे चकमक संपून जेमतेम दहा दिवस झाले होते. ईद साधेपणाने साजरी करावी आणि दंडाला काळी फीत बांधून नमाजाला यावे, असे आवाहन अनेक मुस्लिम संघटनांनी केले आणि देशाच्या अनेक शहरांत लोकांनी ते पाळले. सणाच्या दिवशी शोकाची फीत बांधणे यामागे आणखीही एक वस्तुस्थिती होती. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जी ५८ माणसे मारली गेली, त्यांत गावी निघालेले मुस्लिम प्रवासीही होते. रायफल चालवणाऱ्यांनी कोणाचे नाव विचारले नव्हते. मुंबईच्या मुसलमानांना त्या आठवड्यात मारेकऱ्यांना कबर नाकारायची होती आणि आपल्या मृतांसाठी कबरी खोदायच्याही होत्या.

७/
येथे एका नेहमीच्या आक्षेपाचा विचार करायला हवा : “एरवी कोठे असतात हे पुढारी? हल्ला झाल्यावरच बोलतात!” कालक्रम या आक्षेपाला दुजोरा देत नाही. २५ फेब्रुवारी २००८ रोजी, मुंबईवरील हल्ल्याच्या नऊ महिने आधी, उत्तर प्रदेशातील देवबंद येथे दारुल उलूमने दहशतवादविरोधी परिषद भरवली. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा शब्द दक्षिण आशियातील असंख्य मदरशांत प्रमाण मानला जातो. देशभरातून आलेल्या हजारो उलेमांसमोर तेथे घोषणापत्र संमत झाले, की निरपराधांना लक्ष्य करणारी हिंसा, ती कोणत्याही नावाने होवो, इस्लामच्या विरोधात आहे.

८/
गोष्ट तेथेच थांबली नाही. ३१ मे २००८ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जमियत उलेमा-ए-हिंदच्या पुढाकाराने प्रचंड सभा झाली आणि देवबंदच्या मुफ्तींचा दहशतवादविरोधी फतवा जनसमुदायासमोर वाचला गेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हैदराबाद येथील जमियतच्या अधिवेशनात सुमारे ६,००० उलेमांनी त्या फतव्याला अनुमोदन दिले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत मुंबईवर हल्ला झाला. म्हणजे लोक जेव्हा “मौलाना गप्प का?” असे विचारू लागले, तेव्हा मौलानांचे बोलणे नुकतेच संपले होते. ते ऐकले गेले नव्हते, एवढेच. देवबंदच्या परिषदेला वृत्तवाहिन्यांवर जेवढी जागा मिळाली आणि एखाद्या भडक वक्त्याला जेवढी मिळते, यांची तुलना ज्याने त्याने करून पाहावी.

९/
एक गैरसमजही दूर करायला हवा. फतवा म्हणजे हुकूम नव्हे. विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने दिलेले ते शास्त्रीय मत असते आणि ते मानणे न मानणे ऐकणाऱ्यावर असते. सुन्नी परंपरेत पोपसारखे सर्वोच्च पद नाही. त्यामुळे देवबंदच्या फतव्याने लाहोर किंवा मुझफ्फराबादच्या प्रशिक्षण छावण्या बंद पडतील ही अपेक्षाच चुकीची. मग अशा फतव्याचा उपयोग काय? उपयोग असा, की धर्माच्या नावाने मारायला निघालेल्या तरुणाला धर्माचा आधार सहज मिळत नाही. त्याच्या गुरूला त्याच्याच परंपरेतील सर्वांत मोठ्या पीठाचे मत खोडून काढावे लागते. संशयाचे बीज पडण्यासाठी कित्येकदा एवढेही पुरते.

१०/
हे बीज दहशतवाद्यांना किती खुपते याचे प्रत्यंतर सीमेपलीकडे मिळते. पेशावरचे मौलाना हसन जान यांनी आत्मघाती हल्ले हराम ठरवले होते. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. लाहोरचे मुफ्ती सरफराज नईमी यांनी तालिबानच्या हिंसेविरुद्ध उघड भूमिका घेतली; १२ जून २००९ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, त्यांच्याच मदरशात शिरून आत्मघाती हल्लेखोराने त्यांना ठार केले. “निषेधाचे शब्द पोकळ असतात” असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. शब्द पोकळ असते तर ते उच्चारणाऱ्यांना मारण्याची गरज कोणाला भासली नसती.

११/
आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. देवबंदच्या घोषणापत्राचा एक भाग नेहमी वाचला जातो, दुसरा वगळला जातो. दहशतवादाचा धिक्कार करतानाच, तपासाच्या नावाखाली निरपराध मुस्लिम तरुणांना आणि मदरशांना छळले जाते अशी तक्रारही त्यात होती. “धिक्कार केला, पण लगेच ‘पण’ जोडला” अशी टीका त्यावर झाली. तो ‘पण’ कोठून आला हे समजण्यासाठी मालेगावला जावे लागते. तेथेही एक बडा कब्रस्तान आहे.

१२/
८ सप्टेंबर २००६. शुक्रवार आणि शब-ए-बरात एकाच दिवशी. शब-ए-बरातला मुसलमान आपल्या आप्तांच्या कबरींवर जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. दुपारच्या नमाजानंतर हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानाच्या आवारात, गर्दी असतानाच, स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. त्यात मुलेही होती. काही काळाने या स्फोटांसाठी मालेगाव आणि परिसरातीलच नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. त्यांनी तुरुंगात वर्षे काढली. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांपैकी एक जण हयात नव्हता.

१३/
ज्या समाजाचे लोक कबरस्तानात मारले गेले आणि ज्या समाजाचेच लोक त्या मृत्यूंसाठी तुरुंगात गेले, त्याच्या धुरीणांनी केवळ धिक्कार करून थांबावे आणि न्यायाविषयी अवाक्षर काढू नये, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही. जमियत उलेमाच्या महाराष्ट्र शाखेने गुलजार आझमी यांच्या देखरेखीखाली अशा आरोपींना कायदेशीर साहाय्य दिले, त्यावरून तिच्यावर दहशतवाद्यांची पाठराखण केल्याचा आरोप झाला. पण आरोपीला वकील मिळावा हे राज्यघटनेचेच म्हणणे आहे. खुद्द अजमल कसाबलाही न्यायालयाने वकील दिला होता. धिक्कार आणि न्यायाची मागणी एकाच वेळी करणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे. एकाच तत्त्वाच्या त्या दोन बाजू आहेत : निरपराध माणसाला इजा होता कामा नये, मग ती बॉम्बने होवो की खोट्या आरोपाने.

१४/
येथपर्यंत मुंबईच्या विश्वस्तांची बाजू भक्कम दिसते. आता त्यांच्या कारणाकडे वळू. “हे लोक मुसलमान नाहीत,” असे म्हणणे ऐकायला अत्यंत दिलासादायक आहे. गैरमुस्लिम शेजाऱ्यालाही ते हवेसे वाटते. परंतु एखाद्या कलमा पढणाऱ्या माणसाला त्याच्या कृत्यावरून इस्लामबाहेर घोषित करणे याला धर्मशास्त्रात एक नाव आहे : तकफीर. आणि तकफीरचा इतिहास नेमका त्याच माणसांचा इतिहास आहे, ज्यांच्याशी आजचे उलेमा लढत आहेत.

१५/
सातव्या शतकाच्या मध्यावर चौथे खलिफा हजरत अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्यात संघर्ष पेटला. वाद लवादाकडे सोपवायला अली तयार झाले, तेव्हा त्यांच्याच सैन्यातील एक गट फुटला. निवाडा फक्त ईश्वराचा, माणसांचा लवाद मानणारा काफिर, अशी त्यांची धारणा होती. इतिहास त्यांना ‘खवारिज’, म्हणजे बाहेर पडलेले, या नावाने ओळखतो. मतभेद असलेल्या मुसलमानाला धर्मबाह्य ठरवायचे आणि मग त्याचा वध वैध मानायचा, ही पद्धत त्यांनी रूढ केली. ६५८ मध्ये नहरवान येथे अलींनी त्यांचा पराभव केला. ६६१ मध्ये, रमजानच्या महिन्यात, कूफाच्या मशिदीत त्यांच्यापैकीच एकाने, इब्न मुलजमने, अलींवर विषारी तलवारीचा घाव घातला.

१६/
या कथेतील अलींचे वर्तन मुस्लिम परंपरेने जपून ठेवले आहे. खवारिज काफिर आहेत काय, असे विचारले असता अलींनी तसे म्हणण्यास नकार दिला आणि त्यांना बंड केलेले आपले भाऊ म्हटले, असे परंपरा सांगते. मरणशय्येवर त्यांनी मारेकऱ्याचा छळ करू नये, त्याच्या देहाची विटंबना करू नये, एका घावाला एकच घाव एवढीच शिक्षा असावी, असे बजावल्याचेही सांगितले जाते. अलींनी खवारिजांशी युद्ध केले, पण ते मुसलमान नाहीत असे म्हटले नाही. शस्त्र उचलणाऱ्याला रोखणे हे एक काम आणि त्याच्या श्रद्धेचा निवाडा करणे हे दुसरे. या दोहोंत त्यांनी ठेवलेले अंतर पुढील धर्मशास्त्राचा एक पाया ठरले.

१७/
आजच्या काळातही हा धडा ताजा आहे. विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील अतिरेकी संघटनांनी शिया, सूफी आणि आपल्याच राज्यकर्त्यांचे खून पाडताना तकफीरचाच आधार घेतला. म्हणून जुलै २००५ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे सुमारे ५० देशांतील २०० विद्वान जमले, तेव्हा त्यांच्या ठरावाच्या मुख्य मुद्द्यांपैकी एक होता : मान्य पंथांच्या अनुयायांची तकफीर करू नये. अतिरेक्याला धर्मबाह्य ठरवून त्याचा मुकाबला करणे म्हणजे त्याचेच हत्यार हाती घेणे. आज ते मारेकऱ्यावर चालले म्हणून टाळ्या पडतात. उद्या ते निरुपद्रवी सुधारकावर चालले, तर त्याला अडवायचे कोणत्या तोंडाने?

१८/
आणखीही एक अडचण आहे. “ते आमचे नव्हतेच” असे म्हटल्यावर पुढचा प्रश्नच संपतो. मग ते तरुण तेथवर कसे पोहोचले, कोणत्या प्रवचनांनी, कोणत्या पुस्तकांनी, कोणत्या पैशाने, याचा शोध घेण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. कोणताही समाज आपल्या नावाने घडलेल्या हिंसेशी झुंजतो तेव्हा त्याला हा मोह होतो. आपले म्हणून मान्य करून मग त्याच्याविरुद्ध उभे राहणे अधिक अवघड असते, आणि सुधारणेची सुरुवात तेथूनच होऊ शकते.

१९/
मग नकार कोणत्या आधारावर द्यायचा? याचे एक उत्तर नऊ वर्षांनी लंडनमध्ये मिळाले. ३ जून २०१७ च्या लंडन ब्रिजवरील हल्ल्यानंतर १३० हून अधिक इमाम आणि धार्मिक नेत्यांनी जाहीर केले, की हल्लेखोरांच्या जनाज्याची नमाज ते पढवणार नाहीत. या भूमिकेला जुना आधार होता. हदीस संग्रहांत नोंद आहे, की आत्महत्या केलेल्या एका माणसाच्या जनाज्याची नमाज प्रेषितांनी स्वतः पढवली नाही. कर्ज न फेडता वारलेल्या एकाच्या वेळी त्यांनी सोबत्यांना नमाज अदा करण्यास सांगितले आणि स्वतः बाजूला राहिले. यावरून अनेक विधिज्ञांनी नियम काढला : मृताला माती नाकारू नये, पण समाजाच्या नेत्याने आपली उपस्थिती नाकारावी, म्हणजे लोकांना त्या कृत्याची गंभीरता कळेल.

२०/
माती आणि मान यांत हा भेद आहे. माती हा मृताचा हक्क. मान देणे न देणे हा जिवंतांचा अधिकार. या भेदाच्या प्रकाशात बडा कब्रस्तानाच्या इतिहासातील दुसरा प्रसंग पाहिला पाहिजे, कारण २००८ चे कौतुक करणारे तो सहसा सांगत नाहीत आणि टीका करणारे फक्त तोच सांगतात. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत मुंबईत २५७ माणसे गेली. त्या खटल्यात दोषी ठरलेल्या याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात फाशी देण्यात आली. मृतदेह कुटुंबीयांच्या ताब्यात दिला गेला आणि त्याच दिवशी मरीन लाइन्सच्या याच बडा कब्रस्तानात, वडिलांच्या कबरीजवळ, त्याचे दफन झाले.

२१/
हा ढोंगीपणा म्हणायचा का? माती आणि मान यांतला भेद लावला तर उत्तर दोन भागांत मिळते. दफनाविषयी : याकूब मेमन मुंबईचा होता, त्याचे कुटुंब येथे होते, न्यायालयाने शिक्षा दिली होती आणि ती भोगून झाली होती. शासनानेच देह नातेवाइकांना सोपवला होता. त्या देहाला माती नाकारण्याचा नैतिक आधार विश्वस्तांकडे नव्हता. मानाविषयी मात्र प्रश्न उरतो. अंत्यविधीला हजारोंचा समुदाय लोटला. २०२२ मध्ये त्या कबरीभोवती संगमरवर आणि दिव्यांची सजावट झाल्याचे उघड झाले, तेव्हा ते दिवे पोलिसांना काढावे लागले. २००८ मध्ये ज्या ठामपणाने आवाज उठला, तो ठामपणा येथे कबरस्तानाच्या आतून, पोलीस येण्यापूर्वी, दिसायला हवा होता. २५७ मृतांच्या शहरात त्या कबरीला झगमगाट शोभत नाही, हे सांगायला कोणत्याही फतव्याची आवश्यकता नव्हती.

२२/
याच भेदाने २००८ च्या नकाराकडे पाहिले तर? त्या नऊ जणांचे येथे कोणी नव्हते. ज्या देशातून ते आले त्याने त्यांना नाकारले होते. ज्या शहरात ते आले त्या शहराच्या लोकांना, मुसलमानांसकट, त्यांनी मारले होते. त्यांना बडा कब्रस्तानात जागा देणे म्हणजे मारेकऱ्यांना मारल्या गेलेल्यांच्या शेजारी, त्यांच्या आप्तांच्या डोळ्यांसमोर, कायमचा पत्ता देणे होते. नकारासाठी एवढे कारण पुरेसे होते. ते मुसलमान होते की नव्हते याचा निवाडा ईश्वरावर सोपवूनही विश्वस्तांना म्हणता आले असते : ही जमीन मुंबईच्या मृतांची आहे, तिच्यावर तुमचा हक्क नाही.

२३/
आणि फर्ज-ए-किफायाचे काय? तेही अधुरे राहिले नाही. सुमारे वर्षभर नऊ मृतदेह शवागारात होते. एप्रिल २०१० मध्ये तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधिमंडळात सांगितले, की जानेवारीतच त्यांचे गुप्तपणे दफन करण्यात आले आहे. जागा जाहीर झाली नाही. दहाव्या हल्लेखोराला, कसाबला, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी झाली आणि कारागृहाच्या आवारातच त्याला पुरले गेले. काहींनी कर्तव्य पार पाडले की इतर मोकळे होतात, या नियमाप्रमाणे भारतीय राज्यसंस्थेने ते कर्तव्य उचलले. दहाही जणांना भारताची माती मिळाली. मान मिळाला नाही. हे राज्यसंस्थेच्याही सभ्यतेला धरून झाले आणि विश्वस्तांच्या नकारालाही बाधा आली नाही.

२४/
एक शेवटचा प्रश्न राहतो, आणि तो बहुसंख्याकांना उद्देशून आहे. प्रत्येक हल्ल्यानंतर सामान्य मुसलमानाने निषेध करून आपली निष्ठा सिद्ध करावी, ही मागणी रास्त आहे का? नाही. कुर्ला किंवा मिरजेच्या एखाद्या दुकानदाराचा लष्कर-ए-तैयबाशी जेवढा संबंध आहे तेवढाच त्याच्या हिंदू शेजाऱ्याचा आहे. परंतु जे स्वतःला समाजाचे नेते म्हणवतात, निवडणुकीत, वक्फच्या कारभारात, वैयक्तिक कायद्याच्या वादात समाजाच्या नावाने बोलतात, त्यांना मात्र कठीण प्रसंगी ‘आमचा काय संबंध’ म्हणून बाजूला होता येणार नाही. नेतृत्वाचा हक्क सांगितला की त्याचा भारही आलाच. सामान्य माणसाकडे निष्ठेचा पुरावा मागू नये आणि नेत्याला जबाबदारीतून सूट देऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२५/
२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. महाराष्ट्रातील पर्यटकांचाही त्यात बळी गेला. दुसऱ्याच दिवशी काश्मीर खोऱ्यात उत्स्फूर्त बंद पाळला गेला आणि मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून निषेध झाला. शुक्रवारी श्रीनगरच्या जामा मशिदीत मीरवाइज उमर फारूक यांच्या उपस्थितीत मृतांसाठी मौन पाळण्यात आले. हैदराबादेत असदुद्दीन ओवैसी यांनी दंडाला काळी फीत बांधून नमाजाला येण्याचे आवाहन केले. २००८ च्या ईदची आठवण ज्यांना होती, त्यांना ती फीत ओळखीची वाटली असेल.

२६/
बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी २००८ मध्ये कोणी सक्ती न करता, आपल्या हाती असलेल्या एकमेव अधिकाराने, जेवढे करता येण्याजोगे होते तेवढे केले. त्यांचे कारण तपासून घेतले पाहिजे, कारण चुकीच्या कारणावर उभा राहिलेला योग्य निर्णय पुढच्या वेळी चुकीच्या निर्णयाची वाट दाखवतो. पण निर्णय विसरला जाऊ नये. मरीन लाइन्स स्थानकावर उतरणाऱ्या तरुण इतिहासप्रेमींनी कधी वेळ काढून त्या कबरस्तानाच्या भिंतीवरून नजर फिरवावी. २६/११ च्या स्मारकांच्या यादीत ती भिंत नाही. २००८ च्या डिसेंबरात मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या शहराची बाजू कशी घेतली, याची खूण मात्र तेथेच आहे.